जुनी ऑक्टेव्हिया आरएस घेण्याआधी बोटीच्या मेकॅनिकला दाखवली, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, मायलेज म्हटलं की आपल्याकडे लिटरला किती देते एवढंच डोक्यात येतं, माझ्या सासऱ्यांनी पण पहिला प्रश्न तोच विचारला आणि शहरात आठ-नऊ म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे असे बघत बसले की जणू मी मुलीचे दागिने विकून आलोय. इथे विषय तो नाहीये. इथे विषय आहे गाडी आत्तापर्यंत चालली किती, म्हणजे रनिंग, आणि मीटरवर दिसणारा आकडा खरा आहे का, आणि खरा असला तरी त्याला किती भाव द्यायचा. जुनी वॅगनआर घेताना यात पाच-दहा हजार किलोमीटर इकडेतिकडे झाले तर फार काही बिघडत नाही पण २.० लिटर टर्बोची गाडी घेताना चूक झाली तर एकेक बिल असं येतं की बायको बोलणं सोडते.

मला घ्यायची होती स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस २३०, म्हणजे साध्या ऑक्टेव्हियाचीच जास्त ताकदीची बहीण. २०१७ मधे आली ती, २३० पीएस, ३५० एनएम, ६ स्पीड डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बाहेरून कोणाला पटकन कळणार पण नाही की ही वेगळी गाडी आहे, डिकीत गणपतीची मूर्ती मखरासकट मावते. २०२० मधे २४५ वाली आली, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाख, तेव्हा पगाराने नाही म्हटलं. मग २०२५ मधे नवीन आरएस आली ती फक्त १०० आणि किंमत ४९.९९ लाख, तेव्हा मी स्वतःच नाही म्हटलं. राहिली जुनी २३०. आता गंमत अशी की मुंबई-ठाण्यात विकायला असलेली प्रत्येक आरएस "शौकाने ठेवलेली", "फक्त रविवारी काढलेली" आणि "२५ ते ३५ हजार चाललेली" असते. सगळ्याच्या सगळ्या. मग रोज सकाळी एक्सप्रेसवेवर आपल्याला उजवीकडून हेडलाइट मारत ओव्हरटेक करून जातात त्या आरएस कुठे विकल्या जातात देव जाणे.

तर हा रिव्ह्यू गाडीचा कमी आणि ज्यांनी मला गाडी तपासून दिली त्या काकांचा जास्त. नाव-नंबर देत नाही, त्यांनीच सांगितलंय नको देऊ, गर्दी झेपत नाही. कांजूरमार्गला एलबीएस रोडच्या आत एक गल्ली आहे तिथे त्यांचं गॅरेज, एक लिफ्ट, एक पोरगा, एक कॅलेंडर आणि एक लॅपटॉप ज्याची स्क्रीन कोपऱ्यात काळी पडलेली आहे. ऑफिसमधल्या एकाने पाठवलं. जाऊन बघितलं तर साठीच्या पुढचे काका, मालवणी, बनियनवर, आणि पहिल्याच भेटीत कळलं की यांचं आयुष्य अर्धं ससून डॉकला मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर गेलंय, गाड्या नंतर. मनात म्हटलं गेले पाच हजार. फी ५,००० एका गाडीची, मुंबईत कुठेही येतात, दोन-अडीच तास देतात, गाडी लिफ्टवर घ्यायची तर डीलरला त्यांच्या गॅरेजपर्यंत आणायला लावायची. पण बोटीवालं बॅकग्राउंडच शेवटी कामाला आलं, ते पुढे येतंच.

पहिली गाडी लाल, लिंक रोडला जोगेश्वरीच्या बाजूला एक डीलर आहे त्याच्याकडे. काचेचा शोरूम, कॉफी मशीन, एलईडी लाइटी अशा लावलेल्या की पंक्चरवाल्याची रिक्षा पण तिथे ठेवली तर स्पोर्ट्स कार वाटेल. मीटरवर ३१,०००. फर्स्ट ओनर. मी एकटाच आधी जाऊन आलो होतो आणि खरं सांगतो मी फिदा झालो होतो, टोकनचे पंचवीस हजार खिशात घेऊन गेलेलो. लॅमिंग्टन रोडवरून सातशे रुपयाचा ब्लूटूथ स्कॅनर घेतलेला, तो पोर्टला लावला, मोबाइलवर हिरवं दिसलं, एकही फॉल्ट नाही, मी खुश. सेल्समन माझ्याहून खुश. शिवाय गाडीबरोबर एका अ‍ॅपवाल्या कंपनीचा दोनशे पॉइंटचा रिपोर्ट होता, त्यात ओडोमीटरसमोर हिरवी टिक. अजून काय पाहिजे माणसाला.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन गेलो. काकांनी मीटरकडे बघितलंच नाही. गाडी चालू पण करू दिली नाही. खिशातून टॉर्च काढली, पुढच्या चाकाच्या स्पोकमधून बोट घातलं आणि ब्रेक डिस्कच्या कडेवरून फिरवलं, मग माझं बोट धरून तिथे लावलं. डिस्कला बाहेरच्या बाजूला धार आलेली, म्हणजे पॅड जिथे घासतो तो भाग आत गेलाय आणि कडेला लोखंडाचा काठ उभा राहिलाय, नखाला अडकेल इतका. डिस्कवर कमीत कमी जाडी किती चालेल ते कोरलेलं असतं, काकांनी जाडी मोजायचा कॅलिपर लावून मोजलं तर अगदी त्या आकड्याच्या जवळ. आता ३१ हजारात डिस्क संपत नाही असं नाही, आरएससारख्या गाडीत दाबून चालवणाऱ्याने संपवली पण असेल. पण मग "फक्त रविवारी काढलेली" हे खोटं. दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं आहे, एवढंच काका म्हणाले, आणि पुढे सरकले.

मग टायर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर १९२३, म्हणजे २०२३ चा एकोणिसावा आठवडा. गाडी २०१८ ची. सेल्समन म्हणाला साहेबांनी शौक म्हणून बदलले. ठीक. मग ड्रायव्हर सीट. उतरताना आपण ज्या कडेवरून घसरतो ती उजवी बाहेरची कड, तिथलं लेदर पातळ होऊन सुरकुतलेलं आणि रंग केलेला, टॉर्च आडवी धरली तर चकाकी वेगळी दिसते, मला आधी दिसलंच नव्हतं कारण त्या एलईडीत सगळंच चकाकत होतं. स्टीअरिंगचं लेदर दहा-दोनच्या जागी गुळगुळीत. आरएसला स्टीलचे पेडल असतात त्यावर रबराचे ठिपके असतात, ब्रेकच्या पेडलचे खालचे ठिपके जवळजवळ सपाट. आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघितला, तो दोन कारणांसाठी, एक म्हणजे कडेला दोरे निघालेत का, आणि दुसरं म्हणजे तळाशी चिखलाची रेष आहे का, मुंबईची गाडी आहे, २६ जुलै बघितलेला माणूस ते बघितल्याशिवाय राहत नाही.

स्कॅनर सगळ्यात शेवटी. मी म्हटलं काका मी काल लावला होता, काही नाही आलं. म्हणाले, दाखव तुझं खेळणं. माझ्याच सातशेच्या स्कॅनरवर त्यांनी एक ओळ दाखवली जी मी वाचलीच नव्हती, फॉल्ट पुसल्यापासून गाडी किती चालली, तिथे होतं ४६ किलोमीटर. म्हणजे अगदी अलीकडे कोणीतरी सगळे फॉल्ट पुसून गाडी चकाचक केलेली. निरोगी गाडीचे फॉल्ट कोण आणि कशाला पुसेल? त्यामुळे त्या स्वस्त स्कॅनरला मी शिव्या घालणार नाही, ती एक ओळ बघायची अक्कल असेल तर सातशे वसूल. पण तो फक्त इंजिनाशी बोलतो, गिअरबॉक्स, एबीएस, दरवाजे यांच्याशी नाही.

काकांचा तो काळी स्क्रीनवाला लॅपटॉप सगळ्यांशी बोलतो. स्कोडा-फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांमधे मीटर आपला आकडा गाडीच्या वायरिंगवरून सगळ्या युनिटना, म्हणजे वेगवेगळ्या भागांच्या छोट्या कॉम्प्युटरना, सतत सांगत असतो आणि एखाद्या युनिटमधे फॉल्ट आला की ते युनिट त्या क्षणाची तारीख आणि किलोमीटर पण फॉल्टबरोबर लिहून ठेवतं. मीटर मागे करणारा माणूस मीटर बदलतो, हुशार असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर पण जुळवतो, पण गाडीत वीस-पंचवीस युनिट असतात, एखादं राहतंच. इथे राहिलेलं एका दरवाजाचं. कधीतरी बॅटरी उतरलेली तेव्हाचा कमी व्होल्टेजचा फॉल्ट, आणि त्याच्यासमोर ७४,३१८ किलोमीटर. मीटरवर ३१,०००. मी तो आकडा तीनदा वाचला. सेल्समनला दाखवला तर म्हणतो सर वो सॉफ्टवेअर का इश्यू है. काकांनी लॅपटॉप मिटला, त्याला म्हणाले कॉफी चांगली होती, आणि निघालो. टोकनचे पंचवीस हजार अजून खिशातच, रिक्षात बसल्यावर मी पुन्हा मोजले, उगाच.

रिक्षात काकांनी एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची. आता अशी डबी मिळते की ती मीटरच्या मागे वायरिंगमधे बसवली की आकडा पुढेच सरकत नाही, मागे करायची गरजच नाही, गाडी चालते पण मोजली जात नाही. तसं असेल तर कुठल्याच युनिटमधे जास्त आकडा सापडणार नाही कारण तो कधी सांगितलाच गेला नाही. म्हणून स्कॅनर शेवटी, डिस्क आणि सीट आधी. बीएमडब्ल्यूच्या चावीत पण किलोमीटर साठवलेले असतात, पोर्शेच्या इंजिन कॉम्प्युटरमधे किती तास चालली आणि किती वेळा लाल रेषेच्या पलीकडे गेली ते पण निघतं, पण आपल्या बजेटला त्याचं काय करायचं.

जाताजाता, डीलरकडून घेत असाल तर एक नियम आहे जो बहुतेकांना माहीत नाही. डिसेंबर २०२२ मधे केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, गाडी मालकाने त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ने कळवावं लागतं, आणि गाडी त्याच्याकडे असताना कोणी कशासाठी किती चालवली त्याचं ट्रिप रजिस्टर ठेवावं लागतं. मी दुसऱ्या एका ठिकाणी रजिस्टर मागितलं तर मला सोसायटीच्या वॉचमनच्या वहीसारखी वही दाखवली. पण मागा. मागितल्यावर चेहरा कसा होतो तेवढं बघायला तरी मागा.

आता दुसरी गाडी, आणि खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते हिच्यामुळे. एमएच-०२, पांढरी, २०१८, मीटरवर २७,०००. थेट मालकाकडून, लोखंडवालात, अत्यंत सज्जन माणूस, सगळ्या बिलांची फाइल, प्रत्येक बिलावर किलोमीटर, सगळे चढत्या क्रमाने. डिस्क बरोबर, पेडल बरोबर, टायर एकदाच बदललेले, लॅपटॉपवर कुठेही उलटसुलट आकडा नाही. म्हणजे २७,००० शंभर टक्के खरे. मागत होते २१ लाख. माझ्या मते सौदा झालेला होता, मी मनातल्या मनात पार्किंगवाल्या पाटीलकाकांची झेन कुठे सरकवायची ते ठरवत होतो.

काका ड्रायव्हर सीटवर बसले, स्टीअरिंगवरचं बटण दाबत दाबत ट्रिपची माहिती काढली, त्यात लाँग टर्म म्हणून एक पान असतं, तिथे अ‍ॅव्हरेज स्पीड दाखवते. १३. ताशी १३ किलोमीटर. मालकाला विचारलं तुम्ही ऑफिसला कुठे जाता, तर म्हणे सीप्झला. लोखंडवाला ते सीप्झ म्हणजे अंतर सात-आठ किलोमीटर, पण ज्याने मेट्रोचं काम चालू असतानाचा लिंक रोड आणि जेव्हीएलआर बघितलाय त्याला सांगायला नको, तेवढ्यात पाऊण तास कुठे गेला कळत नाही. मालक म्हणाले सुद्धा, मी गाडीत बसून दोन-दोन कॉल उरकायचो.

बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "तुका गाडी व्हयी काय मीटर?" मी म्हटलं काय झालं, सगळं खरं तर आहे. मग त्यांनी समजावलं. बोटीला किलोमीटर नसतो रे. बोट समुद्रात जाळं टाकून उभी असते तरी इंजिन चालू. आम्ही ससून डॉकला ऑइल बदलायचो ते तासावर, इंजिन किती तास चाललं त्यावर, जनरेटरला पण तसंच, जेसीबीला पण तसंच. आणि मुंबईतली गाडी ही बोटच आहे, उभी राहून चालते.

घरी येऊन मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २७,००० भागिले १३, म्हणजे जवळपास २,०८० तास. आता कंपनीची सर्व्हिस १५,००० किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. हे मालक वर्षाला चार हजार किलोमीटरपण चालवत नव्हते आणि वर्षातून एकदा ऑइल बदलत होते, तर वाटतं वा काय काळजी घेतलीय, १५ ची मुदत असताना चारलाच बदललं. पण तासात बघा, चार हजार भागिले १३ म्हणजे तीनशे तास. आणि हायवेवर ताशी ४४ च्या सरासरीने चालणारी गाडी पूर्ण १५,००० चालवून ऑइल बदलत असेल तर तिचे होतात ३४० तास. म्हणजे दोघांचं ऑइल जवळजवळ सारखंच शिजलं. त्यात या मालकांनी फाइलप्रमाणे एकदा मधे दोन वर्षं बदललंच नव्हतं, म्हणजे एकाच ऑइलवर सहाशेच्या आसपास तास, टर्बो इंजिन, मे महिना, एसी चालू, सिग्नलला उभी. बिलावर किलोमीटर बघून कोणाच्या लक्षात पण येणार नाही, कारण बिलावर फक्त आठ हजार वाढलेले दिसतात.

तसंच गिअरबॉक्सचं. या सहा स्पीड डीएसजीत क्लच ऑइलमधे बुडलेले असतात आणि ते ऑइल ६०,००० ला बदलायचं असतं. २७ हजारच्या गाडीत तो विषयच येत नाही, कोणी काढणार नाही. पण ट्रॅफिकमधे दर दहा फुटाला क्लच धरतो सोडतो, धरतो सोडतो, आणि त्याचं सगळं घासलेलं त्याच ऑइलमधे. हायवेवाली ६०,००० ला पोचेपर्यंत साधारण १,३६० तास होतात, ही २,०८० तास झाले तरी पहिल्याच ऑइलवर.

आता यात गडबड आहे ती पण सांगतो, नाहीतर काकांचं पाणी भरतोय असं वाटेल. लाँग टर्मचा तो आकडा गाडीच्या जन्मापासूनचा नसतो, तो एका मर्यादेनंतर आपोआप शून्य होतो आणि माणूस पण शून्य करू शकतो, म्हणजे तुम्हाला फक्त अलीकडचा अंदाज मिळतो. विक्रेत्याने हायवेला एक चक्कर मारून आणली तर आकडा मस्त दिसेल. म्हणून काकांनी मालकाला ऑफिस कुठे ते विचारलं, आकड्याला आकड्याने नाही तर माणसाच्या दिनक्रमाने ताडून बघितलं. आणि दुसरं, उभ्याउभ्या झालेला तास आणि घाटात दाबलेला तास सारखा नसतो, इंजिनवर ताण वेगळा. हे मी काकांना म्हटलं तर म्हणाले बरोबर, म्हणून तर ती गाडी वाईट म्हणत नाहीये, २१ लाखाची नाही म्हणतोय. १७ ला देत असेल तर घे आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचं ऑइल बदल. मालक १७ ला अर्थातच तयार नव्हते. का असावेत, त्यांच्या दृष्टीने २७,००० म्हणजे सोनं. आणि दोन दिवसात ती विकली पण गेली, पूर्ण किमतीला, असं ऐकलं.

परफॉर्मन्स गाडीत अजून एक भानगड असते की किलोमीटर कमी पण प्रत्येक किलोमीटर कुटलेला. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस व्हायच्या तिथे सरळ रेषेत पाव मैल जाणाऱ्या गाडीचा मीटर एका दिवसात किती वाढणार, दोन-पाच किलोमीटर, पण क्लचला विचारा. आणि रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं. आरएस २३० ला स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचं रिमॅप, मारलेल्या गाड्या भरपूर आहेत आणि विकताना स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करून विकतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते पकडलं गेलं की कंपनीच्या सिस्टिममधे टीडी१ अशी खूण पडते, ती वॉरंटीच्या भानगडीत येते, म्हणून जमलं तर मालकाला बरोबर घेऊन तिथूनच हिस्ट्री काढा. काका याव्यतिरिक्त बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू बघतात, वारंवार उघडलेले असतील तर डोकी झिजलेली असतात, आणि पुढचे टायर आतल्या बाजूने जास्त गेलेत का ते बघतात, स्प्रिंग खाली करून परत वर केलेल्या गाडीत तसं होतं. आणि लिफ्टवर घेतल्यावर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या भागात कूलंट सुकल्याची गुलाबी खूण. या इंजिनात ती जागा बघायचीच असते, जगभर सगळे बघतात.

तिसरी गाडी मी घेतली. एमएच-०४, निळी, ६८,०००. जाहिरातीत दोन महिने पडून होती, कोणी फोन पण करत नव्हतं असं मालकच म्हणाले, ६८ ऐकलं की लोक ठेवून देतात. राहायला ठाण्याला, नोकरी हिंजवडीत, सोमवारी पहाटे जायचं शुक्रवारी रात्री यायचं. काकांनी फास्टॅगचं स्टेटमेंट मागितलं. मला हे सुचलंच नसतं. मालकांनी बँकेतून जेवढं मिळालं तेवढं काढून दिलं, त्यात सोमवारी पहाटे खालापूर-तळेगाव, शुक्रवारी रात्री उलटं, आठवड्यामागून आठवडे, अगदी कंटाळा येईल इतकं सारखं. ठाणे-हिंजवडी जाऊन-येऊन तीनशे धरा, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे, साडेतेरा हजार. सात वर्षांतली दोन घरून कामाची सोडली तर पाच वर्षांचे ६७,५००. मीटरवर ६८,०००. सुट्टीत कुठे गेलात का विचारलं तर म्हणाले बायको ही गाडी मागे टणक आहे म्हणून बसत नाही, कोकणात दुसरी गाडी नेतो.

लाँग टर्म अ‍ॅव्हरेज ४४. म्हणजे तास साधारण १,५४५, त्या २७ हजारवालीपेक्षा पाचशेहून जास्त तास कमी. ऑइल दर १०,००० ला बदललेलं, बिलं आहेत, म्हणजे प्रत्येक ऑइलवर सव्वादोनशे तास. गिअरबॉक्सचं ऑइल ६१ ला बदललेलं. बोनेटच्या टोकावर दगडांचे बारीक टवके भरपूर, पुढची काच पण खरचटलेली, ती हायवेची निशाणी आहे, रंगाचा डबा घेऊन कोणी लपवली नव्हती म्हणून मला उलट बरं वाटलं. पण सीटची कड त्या ३१ हजारवाल्या लाल गाडीपेक्षा चांगली, कारण हा माणूस एकदा बसला की तीन तासांनीच उतरायचा. मागणी १७.२५, शेवटी १६.८० ला तुटलं. डिस्क आणि पॅड पुढचे बदलावे लागणार हे काकांनी आधीच सांगितलेलं, ते धरूनच बोलणी केली.

आता काकांबद्दलच्या तक्रारी, कारण पाच स्टार देणार नाहीये. लेखी रिपोर्ट देत नाहीत. मला जे मिळालं ते पीयूसीच्या जुन्या पावतीमागे पेन्सिलने लिहिलेले चार आकडे. फोटो काढत नाहीत, मालकाशी भाव करताना दाखवायला हातात काही नसतं, तुम्हीच मोबाइलवर काढत राहा. बोलतात कमी आणि एकदा बोलायला लागले की डॉकवरच्या गोष्टी सुरू होतात, मग अडीच तासाचे चार होतात, ऑफिसला हाफ डे टाकूनच जा. इलेक्ट्रॉनिक्सकडे दुर्लक्ष, म्हणजे सनरूफ, टचस्क्रीन, पार्किंग सेन्सर हे त्यांच्या मते गाडीचे भाग नाहीतच, ते मीच तपासले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुसरी चावी आहे का हे विचारायचं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही, घरी आल्यावर बायकोने विचारलं दुसरी कुठेय, तर दुसरी नाहीये, हरवलेली. नवीन चावी बनवून कोडिंग करून घ्यायचा खर्च ऐकून सासरे पुन्हा कप खाली ठेवतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

पाचपैकी चार. तीन गाड्यांचे पंधरा हजार गेले आणि त्यातली एकच घेतली, तरी मला महाग वाटलं नाही.

जायचं असेल तर सोमवारी बंद असतं. सकाळी अकराच्या आधी जा, नंतर लिफ्टवर कोणाची तरी टॅक्सी चढलेली असते. रोख घेतात, यूपीआय त्या पोराच्या नंबरवर आहे आणि पोरगा बऱ्याचदा चहाला गेलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचे फोटो पाठवू नका, बघत नाहीत, फोन करा, आणि फोनवर गाडी किती चालली ते सांगण्याआधी मालक कामाला कुठे जातो ते विचारून ठेवा, कारण ते पहिलं तेच विचारणार आहेत.